चौदा माड्या

आमचं घर बैठं आहे. पुढे पडवी, मागे पडवी, मधे लांबलचक माजघर आणि वर थेट कौलं. चढायचं म्हटलं तर अंगणातून पडवीत यायच्या तीन पायऱ्या, त्यातली एक माझ्या सासूबाईंच्या काळापासून खचलेली. अशा घरात राहणारा माणूस काल दुपारी चौदा मजले चढला, असं माझ्या मुलीने पुण्याहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी सोलकढीत मीठ दोनदा घातलं.

हा चढणारा माणूस म्हणजे माझा नवरा. नाव गुरुदास, पण गाव त्यांना भाई म्हणतो, आमची ऋता भाई म्हणते, आणि इतक्या वर्षांत माझ्याही तोंडात तेच बसलं आहे. भाई कचेरीत नोकरीला होते, हे लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. ते पखवाज वाजवतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. मालवणपासून देवगडपर्यंत ज्याने म्हणून भजनात एकदा टाळ धरला आहे, त्याला भाईंचा हात माहीत आहे. मी जामसंड्याच्या बाजूला शाळेत शिकवत होते. तिथेही जानकीबाई म्हणून मला कमी आणि पखवाजवाल्या भाईंची बायको म्हणून जास्त ओळखत. त्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

वैशाखात एका संध्याकाळी भजन चालू असताना भाईंच्या छातीत कळ आली. पखवाज मांडीवर होता, गजर रंगात आला होता, आणि यांचा डावा हात जो खाली आला तो वर गेलाच नाही. मी बायकांत बसले होते. टाळ आणखी थोडा वेळ वाजत राहिले, पण पखवाज थांबला होता, आणि काय झालं ते मला मान वळवायच्या आधीच कळलं. कणकवलीला नेलं, स्टेंट घातला, माणूस वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सपाटीवर रोज चालायचं, जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही आणि पखवाज तूर्त बंद.

"तूर्त म्हणजे?" भाईंनी विचारलं. स्वतःच्या काळजात घातलेल्या स्टेंटबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. हा त्यांचा पहिला प्रश्न.

"कार्तिकात या. तपासू, मग बघू."

कार्तिकात आमच्या देवळात हरिनाम सप्ताह असतो. प्रत्येक वाडीची भजनाची पाळी ठरलेली असते. आमच्या खालच्या वाडीची पाळी शेवटच्या दिवशी संध्याकाळी, आणि मिसरूड फुटल्यापासून त्या पाळीला पखवाजावर हात भाईंचाच. एक वर्ष चुकलेलं नाही. ऋता जन्माला आली त्या संध्याकाळीसुद्धा नाही, आणि ते मी त्यांना अजून ऐकवते. यंदाच्या सप्ताहाला आपण पखवाजावर बसणार की नाही, या एका गोष्टीवर त्या माणसाचा जीव टांगलेला होता. बाकी औषधं, पथ्य, बिनमिठाची पेज, सगळं ते मुकाट गिळत होते ते त्यासाठीच.

ऋताने पुण्याहून घड्याळ पाठवलं. मनगटावर बांधायचं, वेळ सोडून बाकी सगळं सांगणारं. किती पावलं चाललात, किती मजले चढलात, काळजाचे ठोके किती पडले. आणि हे सगळं तिकडे तिच्या मोबाइलवर उमटणार. म्हणजे पुण्यात बसून बापावर पाळत. भाईंनी ते शहाण्या मुलासारखं डाव्या मनगटावर बांधलं. पखवाज जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेला.

आणि घर गप्प झालं. चाळीस वर्षं मी त्या पखवाजाच्या नावाने बोटं मोडली. पाहुणे बसलेत, रियाज. मी पेपर तपासतेय, रियाज. भात उतू जातोय, हाक मारतेय, पण यांना ऐकू कुठून येणार? आता दुपारी चार वाजले की माझे कान आपोआप टवकारायचे आणि ऐकायला काही नसायचं. मला तो आवाज हवा होता. आणि तो पुन्हा सुरू झाला तर पुन्हा थांबेल, या भीतीने तो नकोही होता. दोन्ही एकाच वेळी वाटायचं, आणि त्याचा राग मी भाईंवर काढायची. दुसरं होतं कोण घरात?

श्रावण सरला आणि भाईंमध्ये दोन बदल झाले. एक म्हणजे दुपारी जेवण झालं की ते दाजींच्या मांगरात पेपर वाचायला जायला लागले. दाजी आमच्या भजनी मंडळाचे म्होरके. त्यांचा मांगर पार खाडीच्या टोकाला, माडांच्या बागेत, जिथे नारळ आणि अवजारं ठेवतात. घरात येणारा पेपर सोडून तिथे जाऊन कुठला पेपर वाचतात, हे मी विचारलं नाही. सपाटीवरची चाल होतेय तर होऊ दे, म्हटलं.

दुसरा बदल म्हणजे गोमातेची भक्ती. रात्रीच्या चपात्यांसाठी मी दुपारीच कणीक मळून ठेवते. त्यातला लिंबाएवढा गोळा रोज नाहीसा व्हायला लागला. विचारलं तर म्हणाले, "राधाबायच्या गायीक घालतंय. पुण्य लागता." राधाबाई आमची शेजारीण. मधे फक्त चिऱ्यांचा गडगा. जन्मात कधी गायीच्या वाटेला न गेलेला माणूस आजारातून उठल्यावर देवभोळा होतो, असं मी बघितलेलं होतं. मला आपलं बरंच वाटलं.

आणि मग ऋताचा तो फोन.

"आई, भाई कुठे चढतात गं? मी आठवडाभर बघतेय. आधी दोन-तीन मजले दाखवत होतं, म्हटलं काहीतरी चूक असेल. काल चौदा! तेही भर दुपारी. आपल्याकडे जिना आहे कुठे? माडावर तर चढत नाहीत ना?"

तरुणपणी भाई माडावर सरसर चढायचे हे ऋताला माहीत होतं, कारण ती गोष्ट तिला मीच रंगवून सांगितलेली होती. फोन ठेवला आणि अंगणात गेले. भाई दोरीवर पंचा वाळत घालत होते.

"काल दुपारी खंय होतात?"

"दाजीच्या मांगरात. पेपर वाचीत."

"दाजीन मांगराक माडी कधी बांदल्यान?"

"कसली माडी?"

"तुमी काल चौदा माड्यो चढलास. घड्याळ सांगता."

"मी?" भाईंनी छातीवर हात ठेवला. "एकय चढूक नाय. देवाशप्पत."

पस्तीस वर्षं मी पोरं शिकवली. खोटं बोलणारं पोर मला पाठमोरंसुद्धा ओळखता येतं. भाईंच्या तोंडावर खोटेपणाचं नावही नव्हतं. पण नजर मात्र गडग्यापलीकडे कुठेतरी खाडीच्या दिशेला गेली. तोंड खरं आणि डोळे खोटे, हे मी प्रथमच बघत होते. माझं डोकं फिरलं. माझा आवाज शाळेत तीन वर्गांपलीकडे जायचा, तो तसाच सुटला.

"चौदा माड्यो! चौदा! आणि वर देवाची शप्पत घेवन सांगतत, एकय चढूक नाय!"

गडग्यापलीकडे राधाबाई गायीची धार काढत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी काय बिघडलं असतं, असंच मला तेव्हा वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई तांब्याभर ताक घेऊन आली. आवाज असा खाली आणलेला की कोणी गेल्यासारखं वाटावं.

"जानकी, ह्या ताक भाईंका दी. तेना उतरता."

"काय उतरता?"

"चढलेला."

मला वाटलं, रक्तदाबाबद्दल बोलतेय. मी ताक ठेवून घेतलं आणि चांगलं म्हणून दोन पेले मीच प्यायले. दुकानात गेले तर दुकानदाराने खोबरेल देताना "काळजी घेवा, बाय" म्हणून सुस्कारा सोडला. देवळाकडे दोघी बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या. हार्टचा पेशंट घरात असला की लोक असंच वागतात, अशी मी समजूत करून घेतली. भाईंशी बोलणं मी बंदच ठेवलं होतं. ते मात्र दुपारी पुन्हा पेपर वाचायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुद्द दाजी आले. धोतर, टोपी, काखेत छत्री, म्हणजे काम गंभीर. राधाबाई त्यांच्या मागोमाग आलीच. दाजी पडवीत बसले आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"वयनी, वायट वाटून घेव नकात. माका मंडळान धाडल्यान. सप्तो तोंडार इलो. गळ्यात माळ असलेलो माणूस माडी घेता, असा गाव म्हणता. तसल्याक देवासमोर पखवाजार बसवूचो कसो, असा सगळ्यांचा म्हणणा."

"कोण घेता माडी?"

"भाई."

मी हसले. मग दाजींचं तोंड बघितलं आणि हसू थांबलं.

"एकदम चौदा गिलास, असा आयकलंय," दाजी म्हणाले. "आणि मगे म्हणतत, चढूक नाय."

मी राधाबाईकडे बघितलं. राधाबाईने कौलांकडे बघितलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे वरच्या मजल्याला माडी म्हणतात. आणि माडाच्या पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, उतरवून मडक्यात जी फेसाळते, तिलाही माडीच म्हणतात. दोन्ही चढतात. एक माणूस चढतो आणि दुसरी माणसाला चढते. मी अंगणात उभी राहून तीन वर्गांच्या आवाजात गावाला काय सांगितलं होतं, ते मला आत्ता कळत होतं.

"अगो राधाबाय," मी कपाळावर हात मारला, "माडी म्हणजे मजलो गो! मजलो!"

"माका काय ठावक?" राधाबाई उसळली. "तुज्या घराक खंयचो मजलो?"

तिचंही बरोबरच होतं. भाई दारात येऊन उभे होते. गळ्यातल्या माळेला हात लावून, चेहरा पडलेला. इतकी वर्षं ज्याने सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही, त्याच्यावर हा आळ. आणि ते बघून दाजींना राहवलं नाही.

"मी सगळ्यांका छातीठोक सांगलंय," ते तावातावाने म्हणाले, "अरे, जो माणूस रोज दुपारी माझ्या डोळ्यासमोर बसान मंडळाचो पखवाज वाजवता, तो माडी घेतलो कधी?"

दाजींनी जीभ चावली. भाईंनी डोळे मिटले. गडग्यापलीकडे गाय हंबरली.

"रोज दुपारी?" मी विचारलं.

"पेपर वाचून झालो काय मगे," दाजी चाचरले. "वायच. हळू हातान."

"राधाबाय," मी म्हटलं, "भाई तुज्या गायीक कणकेचो गोळो घालतत मां?"

"माज्या गायीक? भाई?" राधाबाई म्हणाली. "गायीन तेंचा तोंड तरी बघल्यान काय?"

झालं. सगळं जुळलं. पखवाजाच्या उजव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, काळी शाई असते, डाव्या पुडीला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. लग्न झाल्यापासून ती कणीक मी मळून दिली आहे. मी भाईंचा डावा हात धरला आणि घड्याळ काढून उजेडात नेलं. कडेला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्या भोकात पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. नखाने खरवडलं. माझ्याच घरची कणीक होती.

ऋताला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, मग बराच वेळ हसली, आणि मग तिच्या पुणेरी मराठीत आम्हाला धडा दिला.

"आई, घड्याळाला जिना दिसत नाही. त्या भोकातून ते हवेचा दाब बघतं. आपण वर चढलो की दाब थोडासा कमी होतो. दाब कमी झाला आणि त्याच वेळी हात चालल्यासारखा हलत असला, की ते समजतं, हा माणूस जिना चढतोय. साधारण तीन मीटर चढलं की एक मजला. वारा सुटला, हवा बदलली तरी फसतं बिचारं. आणि इथे तर भाईंनी त्याचं नाकच बुजवलं! आत कोंडलेली हवा हाताच्या गरमीने फुगणार, थंड झाली की आकसणार, थाप पडली की दबणार आणि सुटणार. वर हात एका तालात चाललेला. त्याला वाटलं, चढतोय माणूस."

म्हणजे भाई मांगरात मांडी घालून बसलेले होते आणि घड्याळ एकटंच दमत जिने चढत होतं. दाजी इतके हसले की टोपी पडली. राधाबाईला घाम फुटला, कारण गावभर फिरून आता तिलाच माडी उतरवायची होती. आणि ती तिने उतरवलीही, दुपारपर्यंत, जितक्या जोरात चढवली होती तितक्याच जोरात.

मी मात्र हसले नाही. "तुमचो डावो हात खाली पडलेलो, तो मी बघललंय," मी भाईंना एवढंच म्हटलं आणि आत गेले. माझा राग खरा होता. लपवल्याचा होताच, पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती. मी ठरवून टाकलं की कणकवलीला डॉक्टरांना सगळं सांगायचं आणि पखवाज कायमचा बंद करायचा.

दुसऱ्याच दिवशी तपासणी होती. रिक्षात भाई माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. एरवी या माणसाची बोटं थांबत नाहीत. ताटावर, खुर्चीच्या दांडीवर, झोपेत माझ्या पाठीवरसुद्धा ताल चालू. त्या दिवशी आख्खी वाट बोटं गप्प होती. मला ते अजिबात आवडलं नाही.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छाती तपासली आणि मग ऋताने पाठवलेला घड्याळाचा सगळा हिशेब मोबाइलवर बघायला लागले. बघता बघता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय? रोज दुपारी इतके मजले? मी जिने नको म्हणालो होतो."

भाई खाली बघत होते.

"पण गंमत बघा," डॉक्टर मोबाइल जवळ घेत म्हणाले. "ठोके कसे सावकाश वाढतात, मग एका जागी टिकतात. थांबलं की लगेच खाली. कुठे गडबड नाही. इतके जिने चढून ज्याचं हृदय असं चालतं, त्या माणसाला मी पखवाज नको कशाला म्हणू?"

आता गप्प बसलं की काम फत्ते. भाईंनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेत चुकून बरोबर आलेलं उत्तर असलं की पोर असंच बघतं. मी तोंड उघडलं, त्याच क्षणी त्यांनीही उघडलं.

"ते जिने नाहीत," भाई म्हणाले.

"कणीक आहे ती," मी म्हणाले.

डॉक्टर एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. मग मी वर्गात सांगावं तसं पहिल्यापासून सांगितलं. मांगर, पेपर, गाय, कणकेचा गोळा, भोक, चौदा माड्या, राधाबाईचं ताक. ताकापर्यंत आल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाहेरची नर्स आत डोकावून गेली. हसणं ओसरल्यावर त्यांनी तो आलेख पुन्हा सुरुवातीपासून बघितला, यावेळी सावकाश, आणि भाईंना कितीतरी प्रश्न विचारले. किती वेळ वाजवता, मधे थांबता का, दुखतं का, दम लागतो का. मग खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे परीक्षा जिन्याची नव्हतीच. पखवाजाचीच होती. आणि पेपर सोडवून झालाय, निकालही समोर आहे. मला विचारलं नाहीत म्हणून मी रागावलोय, ते वेगळं. वाजवा सप्ताहात. अर्धा तास वाजवायचं, मग दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि जरा कुठे दुखलं तर हात तिथेच थांबवायचा. कबूल?"

भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी टेबलावर बोटं ठेवली आणि बोटांनी आपणहून ताल धरला. तो मी ऐकला आणि माझं सगळं ठरवलेलं वाहून गेलं. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना काय बोलले ते आठवत नाही. भाई सांगतात, मी त्यांना "जेवायला या" म्हणाले.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी कणीक मळली. चपात्यांची वेगळी आणि पखवाजाची वेगळी. पखवाजाची थोडी सैल लागते. भाई नवं धोतर नेसून पुढ्यात बसले आणि मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं.

"कणीक लागता मां तेका," मी म्हटलं. "माझ्याकडे रवांदे."

ऋताने सांगितल्याप्रमाणे ते भोक नळाखाली धुऊन, वाळवून मी स्वच्छ करून ठेवलंच होतं. घड्याळ हरवू नये म्हणून माझ्याच हातात बांधलं. भाईंचा मोबाइल पिशवीत टाकला, वाटीत कणीक घेतली आणि निघाले. देऊळ टेकाडावर आहे. दाजींच्या पोरांनी भाईंना मागच्या रस्त्याने गाडीतून नेलं. मी पायऱ्यांनी गेले. चार पायऱ्या चढल्या की कोणीतरी थांबवायचं आणि माडीची हकिगत पहिल्यापासून ऐकायला मागायचं. मीही सांगत सांगत, थांबत थांबत वर पोचले.

सभामंडप भरला होता. समया लागल्या होत्या, बाहेर अजून उजेड होता. मी राधाबाईशेजारी खांबाला टेकून बसले. दाजींनी टाळ उचलले. भाईंनी पखवाज मांडीवर घेतला, माझ्या वाटीतली कणीक डाव्या पुडीवर थापली, पंजाने दाबून एकसारखी केली आणि डोळे मिटले. डावा हात वर गेला. मी श्वास धरला. हात खाली आला, थाप घुमली, आणि हात पुन्हा वर गेला. पुन्हा खाली. पुन्हा वर.

पहिला अभंग झाला, दुसरा झाला, आणि गजर सुरू होता होता माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरायला लागलं. ऋताचा फोन. मी पिशवीतून मोबाइल काढून कानाला लावला.

"आई, घड्याळ आज एकही मजला दाखवत नाही. देवळात गेलात ना? एवढ्या पायऱ्या आहेत तिथे!"

थांबत थांबत चढलेल्या पायऱ्या घड्याळाने धरल्याच नव्हत्या.

"एकय चढूक नाय," मी ओरडून म्हटलं.

राधाबाईने गर्रकन मान वळवली. "आता माका कायएक विचारू नको हां!" म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागलो.

"हसू नकोस, आई!" ऋताचा आवाज चिरकला. "ठोके बघ भाईंचे! एकशे तीसच्या वर आहेत. पहिल्यापासून तसेच आहेत. थांबव त्यांना. आत्ताच्या आत्ता थांबव!"

मी भाईंकडे बघितलं. मान डोलत होती, कपाळ कोरडं होतं, ओठांवर लहान पोरासारखं हसू होतं. हात वर जात होता, खाली येत होता.

"अगो, भाई बरे आसत," मी म्हटलं. "घड्याळ माझ्या हातात आसा."

ऋताचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे हे ठोके तुझे?"

"माझे."

"तू करतेस तरी काय एवढं? नाचतेस की काय?"

"काय नाय गो," मी म्हटलं. "बसलंय आणि आयकतंय."

मग मी मोबाइल पखवाजाच्या दिशेने धरला. तिकडे पुण्यात तीही बोलायची थांबली आणि ऐकत राहिली.